गार्डाचा डबा

मुनीमजींनी आयुष्यात कुठलीही वस्तू पहिल्या भावाला घेतली नाही. कोथिंबिरीची जुडी असो की पोरीच्या लग्नातला मांडव, समोरच्यानं भाव सांगितला की आधी त्यांचे डोळे बारीक व्हायचे, मग दुपट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर जायचा, आणि मग अगदी दुखावलेल्या आवाजात ते म्हणायचे, "असं काहून बोलता बाप्पा?" समोरच्यानं भाव सांगितला नसून तो त्यांच्या घराण्याबद्दल काही वाईट बोलला असावा, असा तो सूर असायचा. एकदा वीजबिलाच्या खिडकीवरही त्यांनी हा प्रयोग केला. खिडकीतली बाई नवीन होती. ती बिचारी खरोखरच बिल पुन्हा तपासू लागली आणि मागची रांग खवळली. मुनीमजी मात्र खुशीत बाहेर आले. "कमी नाही झालं," म्हणाले, "पण तिले विचार कराले तं लावलं."

तुमसरला बाजाराच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या अंगाला मुनीमजींचं घर. ते जाऊन आता दोन पावसाळे झाले. मूळचे पवनीचे, पण मिसरूड फुटायच्या आत इथल्या एका राइस मिलमध्ये कामाला लागले. बाजार समितीत धानाचा भाव पाडायचा आणि तुमसर रोडच्या मालधक्क्यावर तांदळाचे डबे भरून गाडी मार्गी लावायची, ही दोन कामं त्यांनी जन्मभर केली. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नसावं. त्यांच्या सासूबाईसुद्धा त्यांना "मुनीमजी, जेवाले चला," म्हणायच्या.

भाव करणं हा त्यांच्या लेखी कंजूषपणा नव्हता, रीत होती. लग्नाला जाताना टोपी घालतात तशी. ती त्यांनी मला दुकानाच्या पायरीवर बसून अनेकदा समजावली. आधी जी वस्तू पाहिजे तिच्याकडे पाहायचंच नाही, शेजारची वस्तू उचलायची. मग सहज विचारल्यासारखं हिचा भाव विचारायचा. मग दुपट्ट्याखाली हात घेऊन बोटं दाबून आपला भाव सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही आणि विकणाऱ्याची लाज राहते. तो नाही म्हणाला की उठायचं आणि चालू लागायचं. मागून हाक येते. "पहिल्या हाकेले वळाचं नाही, शेठ," ते मला सांगायचे. माझ्या दुकानात एक मशीन आणि दोन स्टुलं, तरी ते मला शेठच म्हणायचे. "पहिल्या हाकेत भाव नसते, नुसती हाक असते. दुसऱ्या हाकेले वळाचं. तिच्यात भाव असते."

अशा माणसाला खेळण्यातल्या मालगाडीचा नाद लागावा हे मला अजून नवल वाटतं. झालं असं, की मिलमालकाच्या नातवाला कुणी परदेशातून खेळण्यातली आगगाडी आणून दिली होती. खेळणं कसलं, हुबेहूब गाडी. विजेवर चालणारं इंजिन, वीतभर लांबीचे डबे आणि बोटाएवढ्या रुंदीचे रूळ. नातवाचं मन महिन्याभरात विटलं आणि डबे तर त्यानं आधीच मोडले. मुनीमजी कामावरून निवृत्त झाले त्या दिवशी मालकानं शाल आणि नारळ पुढे केला. मुनीमजी म्हणाले, शाल राहू द्या, कोपऱ्यातलं ते इंजिन द्या. मालकाला हसू आलं. मुनीमजींनी लगेच रूळही मागून घेतले.

मागच्या खोलीच्या भिंतीला त्यांनी छातीच्या उंचीवर फळी ठोकून घेतली. खिडकीपासून निघून दोन भिंती ओलांडून दारापर्यंत. फळीवर रूळ. खिडकीपाशी पुठ्ठ्याचा मालधक्का, त्यावर पत्र्याचं छप्पर, आणि धक्क्यावर रचलेली बोराएवढी तांदळाची पोती. पोती काकूंनी, म्हणजे मुनीमजींच्या बायकोनं, जुन्या धोतराच्या फडक्याची शिवली होती आणि आत खरी कनकी, तांदळाची कणी, भरली होती. पहिल्याच आठवड्यात उंदरांनी सगळा माल फस्त केला. काकू हळहळल्या. मुनीमजी म्हणाले, "हे बरोबर झालं. आपल्या खऱ्या धक्क्यावर काय वेगळं होत होतं?" पुढच्या वेळी मात्र त्यांनी पोत्यांत रेती भरायला लावली.

राहिले डबे. जोडून रंगवून तयार मिळतात ते डबे भलतेच महाग. सुट्या भागांचं खोकं घेतलं, ज्याला सगळे किट म्हणतात, तर ते त्या मानानं स्वस्त पडतं. प्लॅस्टिकच्या चौकटीत डब्याच्या भिंती, छत, दारं, चाकं अडकवलेली असतात. एकेक कापून काढायचं, कानसीनं घासायचं, चिकटवायचं, रंगवायचं. मुनीमजींनी ही माहिती माझ्या मोबाइलवरून काढून घेतली आणि त्या दिवसापासून माझा मोबाइल माझा राहिला नाही. सकाळी दुकान उघडलं की ते स्टुलावर. "पाह्य बरं शेठ, आज काय भाव चालू हाये." मी आधार कार्डाच्या प्रती काढत असायचो आणि ते जर्मनीतला, जपानमधला, कोलकात्यातला भाव असा तपासायचे की जणू सगळे मोंढ्यात पथारी मांडून बसले आहेत.

खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यांनी मोठी बाजी मारली. रायपूरच्या एका निवृत्त अधिकाऱ्यानं आपला जुना संग्रह विकायला काढला होता. मुनीमजी कित्येक संध्याकाळी माझ्या मोबाइलवरून त्यांच्याशी बोलत होते. पण डब्यांबद्दल नाहीच. त्यांचे गुडघे, त्यांच्या पोराची नोकरी, रायपूरचा उन्हाळा. डब्यांचा विषय ते साहेबच काढायचे, आणि मुनीमजी म्हणायचे, "ते राहू द्या साहेब, तब्येत महत्त्वाची." शेवटी त्या साहेबांनी कंटाळून की माया जडून, देव जाणे, सगळी बंद मालडब्यांची किटं मातीमोल भावात दिली. वर दोन खोकी फुकट. त्यातली काही खोकी फाटलेली होती. "खोका फाटला, डबा थोडी फाटला?" मुनीमजी म्हणाले.

परदेशी मालात मात्र ते फसले. स्वस्त किट दिसलं, मागवलं, तर टपालखर्च आणि वर सरकारी जकात मिळून वस्तूपेक्षा ओझं जड झालं. "हा तं अडत्याचाही बाप निघाला," असं म्हणून त्यांनी परदेश कायमचा सोडला. डबे तयार झाले की ते त्यांना गेरूत डिंक कालवून रंग द्यायचे. बाजारातला रंग महाग म्हणून नव्हे; आपल्या मालडब्याचा लाल असा मातीसारखाच असतो, असं त्यांचं म्हणणं. रंग वाळला की डबा धक्क्याला लावून दारं उघडून पाहायचे. तेव्हा त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसायचं ते मी त्यांच्या नातवंडांच्या बारशातही पाहिलं नाही.

हळूहळू धक्क्यापासून पार कोपऱ्यापर्यंत डबे उभे राहिले. पुढे इंजिन. मी म्हटलं, मुनीमजी, चालवा आता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चप्पल घालून देवघरात शिरलो होतो.

"गार्डाचा डबा कुठं हाये?"

"खेळण्यातली गाडी आहे हो."

"असन. गार्डाचा डबा लागल्याबिगर धक्क्यावरून मी गाडी सोडली नाही. एक डाव स्टेशन मास्तर माह्या अंगावर वरडला, तरी नाही सोडली."

मी माझी अक्कल पाजळली. आता खऱ्या मालगाड्यासुद्धा कधीकधी गार्डाच्या डब्याशिवाय जातात, शेवटच्या डब्याला नुसतं एक यंत्र लावतात, असं वाचलेलं सांगितलं. गार्डाला आता गार्डही म्हणत नाहीत, मॅनेजर म्हणतात, हेही सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "जाऊ दे त्यायले. माही नाही जाणार." मग मी तात्पुरती काड्यापेटी लावून पाहू म्हटलं. त्यावर ते चार दिवस माझ्या दुकानात आले नाहीत.

तर गाडी तशीच उभी राहिली. गार्डाचा डबा म्हणजे मालगाडीच्या शेवटी असतो तो, अर्धा डबा आणि अर्धा ओटा. ओट्याला कठडा, कठड्याशी हिरवा दिवा घेऊन उभा राहणारा गार्ड. आपल्याकडच्या धाटणीचा हा डबा देशात फारसं कुणी बनवत नाही. दक्षिणेतला एक म्हातारा कारागीर घरच्या घरी थोडीथोडी किटं करायचा, त्यातली दोनचार नागपूरच्या एका दुकानात येतात, एवढाच पत्ता लागला. भाव जास्त होता, यात शंका नाही. पण त्यांना न परवडण्याजोगा नव्हता. मुनीमजी म्हणाले, थांबू. त्यांच्या हिशेबानं प्रत्येक मालाचा एक हंगाम असतो. दिवाळीनंतर धान बाजारात येतं, आवक वाढते, भाव पडतो. "याची आवक कधी वाढते?" त्यांनी मला विचारलं. एक म्हातारा माणूस घरात बसून वर्षाला मूठभर खोकी करतो, त्याची आवक कसली वाढणार? पण हे त्यांना पटवणं मला काही जमलं नाही.

त्याच सुमाराला काकूंच्या लक्षात आलं की मुनीमजी जेवताना डावीकडची चटणी खातच नाहीत. नावडती नव्हती, त्यांना ती दिसतच नव्हती. मग बाजूला ठेवलेला तांब्या लाथेनं सांडू लागला. मग एकदा बाजारात सायकलवाला अंगावर आला. नागपूरला दाखवलं तर काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेली ती नजर परत येणार नाही, उरली आहे ती थेंब घालून जपा, आणि तीही किती दिवस जपता येईल ते सांगता येत नाही. समोरचं दिसत होतं, कडेचं मिटत चाललं होतं. "बोगद्यातून बाहेर पाह्यल्यावानी दिसते," त्यांनी मला सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती, पण हात स्टुलाची कड शोधत होता.

त्या दिवसापासून मला त्या डब्याची काळजी लागली. आता गोष्ट सरळ होती. नजर आहे तोवर गार्डाचा डबा आणायचा, त्यांनी स्वतः तो जोडायचा, आणि गाडी एकदा, निदान एकदा, खिडकीपासून दारापर्यंत न्यायची. काकू दहा वेळा म्हणाल्या, "घेऊन टाका ना हो एकदाचा." मीही म्हणालो. मुनीमजी मान हलवायचे आणि म्हणायचे, "घाई पाह्यली का भाव चढते."

शेवटी मी त्यांना दुकानात न्यायचं ठरवलं. तुमसर रोडवरून सकाळची गाडी धरून आम्ही नागपूरला गेलो. दुकान सीताबर्डीतल्या एका माडीवर होतं. काचेच्या कपाटात विमानं, जहाजं, मोटारी, आणि वरच्या खणात ते खोकं. एकच उरलं होतं. मुनीमजींनी ते पाहिलं, मला शंका नाही, कारण त्यांनी लगेच दुसरीकडे तोंड फिरवून जहाजाचा भाव विचारला. मग विमानाचा. मग रंगाच्या बाटलीचा. दुकानदार तरुण होता, चांगला होता, प्रत्येक वस्तूचं वर्णन सांगत होता. बऱ्याच वेळानं मुनीमजी म्हणाले, "अन् हे काय हाये?"

दुकानदारानं ते सांगितलं आणि भावही. मुनीमजी म्हणाले, "असं काहून बोलता बाप्पा?" आणि दुपट्टा हातावर पसरून त्याखालून हात पुढे केला. दुकानदाराला काही कळेना. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला आधार पाहिजे. त्यानं तो हात प्रेमानं धरला आणि खुर्चीवर बसवायला निघाला. मुनीमजी त्याची बोटं दाबत होते आणि तो म्हणत होता, "सावकाश काका, सावकाश." शेवटी मुनीमजींना तोंडानं भाव सांगावा लागला. चारचौघांत! तो म्हणाला, "काका, आमच्याकडे भाव ठरलेलाच असतो. खोक्यावर लिहिलाय."

मुनीमजी उठले आणि जिना उतरू लागले. प्रत्येक पायरीवर थांबून, कारण कड दिसत नव्हती, आणि हाक यायची होती. आम्ही रस्ता ओलांडून समोरच्या रसवंतीत बसलो. त्यांनी दुकानाकडे पाठ केली होती.

"आली का हाक?"

"नाही, मुनीमजी. तो तिकडे दुसरं गिऱ्हाईक पाहतोय. मी जाऊन घेऊन येतो, तुम्ही रस प्या."

त्यांनी माझं मनगट पकडलं. "तू गेला तं भाव मेला. बस." आम्ही पुष्कळ वेळ बसलो. रसाचे ग्लास वाळले. मला त्यांचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून होते आणि भंडारा रोड गेल्यावर आपणहून म्हणाले, "नवीन धंदा हाये त्याचा. शिकन." पुढच्या आठवड्यात मी फोन केला तेव्हा ते खोकं विकलं गेलं होतं.

मग मोबाइलवर एकाकडे तेच किट दिसलं. भाव नागपूरपेक्षा थोडा चढा. मी म्हटलं, मुनीमजी, आता हा घ्यायचाच. त्यांनी खरोखर होकार दिला. मी वस्तू निवडली, पत्ता भरला, पैसे भरायचं तेवढं राहिलं, आणि ते म्हणाले, "आता ठेव."

"म्हणजे?"

"इथंच सोडून दे. त्याले दिसन ना, गिऱ्हाईक दारातून परत गेलं. बोलावन."

मी कपाळावर हात मारला. पण गंमत बघा, दुसऱ्या दिवशी खरंच निरोप आला. तुम्ही निवडलेली वस्तू तुमची वाट पाहत आहे, असा. तो यंत्रानं धाडलेला, हजारोंना जाणारा निरोप. मी तो वाचून दाखवला मात्र, आणि मुनीमजींचा चेहरा असा उजळला की मला ते यंत्राचं काही सांगवेना. "आली! पाह्य, आली हाक!" ते उठून उभे राहिले. काकूंना आतून बोलावून त्यांनी तो निरोप पुन्हा वाचायला लावला.

"मग भरू पैसे?"

"हट. पहिली हाये ही. दुसरी येऊ दे."

दुसरी हाक आली नाही. पुढच्या वेळी पाहिलं तर त्या खोक्याच्या जागी "शिल्लक नाही" अशी पट्टी होती. काही दिवसांनी बातमी लागली की दक्षिणेतल्या त्या म्हाताऱ्यानं काम थांबवलं. हात थरथरतात म्हणे. बाजारात असलेली खोकी तेवढी फिरत राहिली आणि ज्यांच्याकडे ती होती त्यांनी भाव वाढवत नेला. मुनीमजींनी असा बाजार कधी पाहिला नव्हता. जन्मभर त्यांनी एकच पाहिलं होतं, की थांबणाऱ्याला माल स्वस्त मिळतो, कारण धान शेवटी पुन्हा पिकतंच. हे पीक पुन्हा यायचं नव्हतं. मी प्रत्येक भाव वाचून दाखवायचो आणि ते "असं काहून" म्हणायचे, पण आता हळू आवाजात.

नजर गेली ती एका दिवसात गेली नाही. आधी अक्षरं गेली. मग ते माझ्या दुकानात यायचे तेव्हा हात भिंतीवरून फिरत यायचा. मग यायचे थांबले. मी संध्याकाळी जाऊन बसू लागलो. मागच्या खोलीत ते फळीखाली खाट टाकून बसलेले असायचे, हात वर करून डबे चाचपून पाहायचे, एखादा रुळावरून घसरला असला तर बरोबर बसवायचे. "आज काय भाव?" ते विचारायचे. मी सांगायचो. ते मान हलवायचे. आता डबा मिळून उपयोग काय, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

काकू मात्र मनात काही ठरवून होत्या. त्यांचा भिशीचा नंबर लागला तेव्हा त्या माझ्या दुकानात आल्या आणि पदरातली पुरचुंडी काउंटरवर ठेवली. "भाऊ, ज्या भावात भेटन त्या भावात मागवा. ते सांगतीन तसं तुमी जोडा. एक डाव गाडी चालल्याचा आवाज तं ऐकतीन." म्हणाल्या आणि लगेच बजावलं, "भाव मी सांगन त्यायले. तुमी बोलू नका." मी मागवलं. भाव नागपूरच्या तिपटीला टेकला होता.

खोकं आलं त्या दुपारी आम्ही ते मुनीमजींच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी झाकण काढलं. बोटं चौकटीवरून फिरू लागली. चाकं, पाट्या, छत. मग बोट एका बारीक जाळीवर थांबलं आणि तिथंच राहिलं. "कठडा हाये हा," ते म्हणाले. "इथं उभा राहते तो." ते इतका वेळ त्या कठड्यावरून बोट फिरवत होते की काकूंनी पदर तोंडाला लावला. मग अपेक्षा होतीच तो प्रश्न आला.

"कितीले भेटला?"

काकूंनी भाव सांगितला. नागपूरच्या दुकानाच्या अर्धाही नाही, असा. त्यांना वाटलं होतं, मुनीमजी खूश होतील, अखेर आपण म्हणत होतो तसा भाव उतरला म्हणतील. मलाही तसंच वाटलं होतं.

मुनीमजींचं बोट थांबलं. चेहऱ्यावरचं सगळं पुसून गेलं.

"इतक्या कमीत भेटत होता?"

"हाव ना."

"म्हणजे भाव होता," ते म्हणाले. "भाव होता अन् मलेच दिसला नाही. मी इथं बसून राहिलो, डोळे गेले, अन् भाव होता." ते कुणाशी बोलत होते कळेना. "जन्मभर हेच केलं ना मी? दुसरं काय केलं?"

त्या खोलीतून तेव्हा पळून जावंसं वाटलं मला. काकू माझ्याकडे पाहत होत्या. आपल्या माणसाला सुख द्यायला त्यांनी खोटं बोलून पाहिलं आणि ते असं उलटलं. मग काकू खाली बसल्या, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खरा भाव सांगितला. भिशीचं सांगितलं. माझंही नाव सांगितलं.

मुनीमजींनी तो आकडा काकूंकडून पुन्हा म्हणवून घेतला. आणि मग, मी शपथेवर सांगतो, त्यांच्या अंगात जीव आला. पाठ ताठ झाली. दुपट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला. "इतके? लुटलं तुले! अवो, भर दुपारी लुटलं! अन् हा शेठ संगं होता, यालेही समजलं नाही?" ते आम्हा दोघांना बोलत सुटले आणि आम्ही दोघं मान खाली घालून आनंदानं ऐकत राहिलो. त्यांच्या डोळ्यांपुढून काही निसटलं नव्हतं. भाव खरंच नव्हता. ते खरंच थांबले होते आणि बरोबर थांबले होते.

"वापस करून दे," ते म्हणाले.

मी हादरलो. "मुनीमजी, अहो डबा हातात आलाय. मी जोडतो. तुम्ही सांगाल तसं करतो. चार दिवसांत गाडी सुटेल."

"या भावात नाही सुटणार."

"आता राहिलं काय थांबण्यासारखं?" मी बोलून गेलो.

ते माझ्या दिशेनं वळले. माझ्याकडे नव्हे, माझ्या थोडं डावीकडे पाहत म्हणाले, "भाव उतरन रे. उतरला का घेऊ." त्यांनी चौकटी नीट रचून खोक्यात ठेवल्या, झाकण लावलं आणि खोकं पुढे केलं. काकूंनी ते घेतलं. मुनीमजींना समजावण्याचं बळ आम्हा दोघांपैकी कुणात उरलं नव्हतं.

मी मोबाइल काढला. आठवड्याच्या आत वस्तू परत घेतात, तशी सोय होती. परत का करत आहात, असं त्यात विचारलं होतं आणि खाली कारणं दिली होती. मुनीमजींनी विचारलं, "काय म्हणते?" मी कारणं वाचून दाखवली. वस्तू तुटलेली आहे. चुकीची वस्तू आली. वस्तू उशिरा मिळाली. भाव जास्त वाटला.

उशिरा मिळाली, या कारणाकडे माझं बोट आपोआप गेलं. काकूंनी खोकं छातीशी धरलं होतं.

"भाव जास्त," मुनीमजी म्हणाले. "तेच लिव."

मी तेच दाबलं.